सीट मोजू नका, पट्टे मोजा
सात सीटर गाडीत लेकरांना घेऊन जाताना

दसरा जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये गाड्यांची बोलणी सुरू होतात. दीक्षाभूमीला कोण कोण येणार, एर्टिगा करायची की बोलेरो, माणशी किती पडतील. माणसे जास्त झाली तर उत्तर तयार असते, "बसतात हो, लेकरं मांडीवर घेऊ." लग्नाला, बारशाला, दवाखान्याला जातानाही हेच. आरोग्याच्या पानावर या महिन्यात गाडीचा विषय घेतला आहे तो या 'मांडीवर घेऊ'साठी.

नांदेडहून नागपूर सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर आहे. लातूरकरांचे चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंतचे आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर धरा. पुढे हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा. हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता बऱ्याच ठिकाणी रुंद झाला आहे. रस्ता सुधारला तसा गाड्यांचा वेग वाढला, पण आपली बसण्याची पद्धत जुन्या काळी-पिवळी जीपचीच राहिली.

आईची मिठी का पुरत नाही

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबते, तेव्हा आतले मूल मात्र त्याच वेगाने पुढे जात असते. तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर जेवढ्या वेगाने आदळते, साधारण तेवढाच हा वेग. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा भार हातांनी पेलावा लागेल. ज्वारीची भरलेली पोती उचलणारी बाईसुद्धा ते करू शकत नाही. यात आईचे प्रेम कमी पडत नाही, हातांची ताकद कमी पडते.

काही जणी आपल्या पट्ट्यातच बाळाला घेतात. हे त्याहून वाईट. धडकेत आईचे सगळे वजन बाळावर येते आणि मधल्या मध्ये बाळ चिरडते. पट्टा एका वेळी एकाच शरीरासाठी असतो.

लहान बाळाची मान कच्ची असते आणि डोके जड. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते. म्हणून बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात. धडकेत डोके, मान आणि पाठ तिन्ही सीटच्या पाठीवर एकदम टेकतात. योग्य सीट वापरली तर मुलांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढा गुण एखाद्या लसीने दिला असता तर आपण केंद्रावर रांग लावली असती.

मागे बसले की पट्टा नको, हाही एक गैरसमज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले, आणि त्या दोघांचाच मृत्यू झाला. पुढचे दोघे वाचले.

सात सीटर म्हणजे किती जण?

गाडीच्या आरसी बुकात जी आसनसंख्या लिहिलेली असते, तिच्यात ड्रायव्हरही मोजलेला असतो. म्हणजे भाड्याच्या सात सीटर गाडीत प्रवासी सहा. मांडीवरचे बाळसुद्धा माणूस आहे, त्यालाही सहांत मोजा.

आता तिसरी ओळ बघा. जुन्या धाटणीच्या बोलेरोत मागची बाके समोरासमोर, आडवी असतात. मूल आडवे बसले की समोरून धडक बसल्यावर ते कुशीवर फेकले जाते. लेकरांची सीट या बाकावर बसवता येत नाही. पोरांना खेळायला जागा म्हणून आपण त्यांना नेमके तिथेच टाकतो. तिथे मूल बसवू नका.

एर्टिगा, ट्रायबर, कारेन्स अशा गाड्यांत तिसरी ओळ पुढे तोंड करून असते. तिथे पट्टा कोणता आहे ते हाताने ओढून पाहा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा हवा. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, मधल्या ओळीच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. मोठ्या मुलाला साडीने उंच करून त्या पट्ट्यात बसवले तर धडकेत पट्टा पोटात घुसतो. काही गाड्यांत पट्टे असतात, पण सीट कव्हरच्या खाली दाबलेले. ते बाहेर काढायला लावा.

लेकरांची सीट बसवायला गाडीत दोन सोयी असतात. एक म्हणजे आयसोफिक्स. सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात लेकराची सीट खटकन अडकते. बहुतेक सात सीटर गाड्यांत या कड्या मधल्या ओळीच्या खिडकीकडच्या दोन जागांनाच असतात. दुसरी सोय म्हणजे गाडीचाच पट्टा. काही लेकरांच्या सीट त्या पट्ट्यानेही घट्ट बांधता येतात.

इथे एक अडचण येते, ती गाडी घेताना कोणी सांगत नाही. मधल्या ओळीची खिडकीकडची सीट दुमडली की तिसऱ्या ओळीत जाता येते. तिच्यावर लेकराची सीट बांधली की ती दुमडत नाही. दोन्ही खिडक्यांकडे लेकरांच्या सीट बांधल्या, तर मागच्यांना आत जायची वाट बंद, आणि अपघातात बाहेर यायचीही. म्हणून एक बाजू मोकळी ठेवा. लहान मुले दोन असतील तर मधल्या ओळीत दोन सुट्या खुर्च्या आणि मधून वाट असलेली सहा सीटर गाडी बरी. तिच्यात ड्रायव्हर धरून सहाच जण, पण मागच्या माणसाला वाट राहते.

समजा, घरात चार मोठी माणसे, सहा महिन्यांचे बाळ आणि आठ वर्षांची मुलगी आहे. पुढे एक जण. मधल्या ओळीत खिडकीशी बाळाची सीट, शेजारी आई, दुसऱ्या खिडकीशी मुलगी, तिच्याखाली बूस्टर. मागे दोघे. आत शिरताना मुलीची सीट दुमडायची. गाडी भरली. आणखी तीन वर्षांचे पोर असेल तर एका मोठ्या माणसाने एसटीने किंवा रेल्वेने जावे. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही.

चांदण्या कशा वाचायच्या

गाडी विकत घेणाऱ्यांनी धडक चाचणीचे निकाल बघावेत. ग्लोबल एनसीएपी ही संस्था आणि २०२३ पासून आपली भारत एनसीएपी गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळवून पाहतात. आत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे असतात. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी चांदण्या वेगवेगळ्या मिळतात. जाहिरातीत बहुधा मोठ्यांच्याच दिसतात.

ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन चांदण्या मिळाल्या. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच आणि तीन. सफारीला २०२३ मध्ये पाच आणि पाच. बोलेरो निओला २०२४ मध्ये एक आणि एक. एर्टिगाला २०१९ मध्ये तीन-तीन होत्या. पुढे चाचणी कडक झाली, आणि २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या, भारतात बनलेल्या एर्टिगाला एक आणि दोन मिळाल्या. मुलांच्या चांदण्या त्यांना सीटमध्ये बांधलेले धरूनच दिलेल्या असतात. मांडीवरच्या मुलाला पाच चांदण्यांची गाडीही वाचवू शकत नाही, आणि दोन चांदण्यांच्या गाडीत नीट बांधलेल्या मुलाचा धोका पुष्कळ कमी होतो.

कोणत्या वयाला काय

जन्मापासून निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि सीटमध्ये मावेल तोवर, मागे तोंड करून. त्यानंतर साधारण चार वर्षांपर्यंत पाच पट्ट्यांची सीट. पुढे उंची १३५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार फूट होईपर्यंत बूस्टर, कारण त्याआधी गाडीचा पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर येतो. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर मागे तोंड केलेली बाळाची सीट तिथे कधीच ठेवू नका. एअरबॅग उघडताना तिचा मार थेट बाळाच्या डोक्याजवळ बसतो. गरोदर बाईनेही पट्टा लावावा. खालचा पट्टा पोटाखाली ओटीपोटावर, वरचा दोन्ही स्तनांमधून.

दर दोन तासांनी थांबा, बाळाला सीटमधून काढून आडवे करा, पाजा. बाळ रडले म्हणून चालत्या गाडीत सोडवू नका, गाडी थांबवा. आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नका.

कायद्याचेही सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा सीटने बांधलेले नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असे ते कलम म्हणते. ड्रायव्हर कुरकुरला तर त्याला हे सांगा.

पैशांचे काय?

रोजंदारीच्या घराने वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू हजारो रुपये देऊन का घ्यावी, हा प्रश्न खरा आहे. उत्तर असे, की ती एका घराने घेऊ नये. आपण लग्नाची भांडी, सतरंज्या वस्तीच्या घेतो ना? तशाच बाळाची एक सीट, मोठ्या मुलाची एक आणि दोन बूस्टर बचत गटाने किंवा महिला मंडळाने घ्यावेत. विहारात ठेवावेत, वहीत नाव लिहून द्यावेत. भाड्याच्या गाडीला आयसोफिक्स असेलच असे नाही, म्हणून पट्ट्यानेही बांधता येणारी सीट घ्या. लेबलवर वर्तुळात 'ई' आणि आर-४४ किंवा आर-१२९ असा क्रमांक बघा. वापरलेली सीट मिळाली तर ओळखीच्या घरचीच घ्या. अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते.

या दसऱ्याला सीट हाती नसेल, तरी गाडी ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. मागची ओळ पुढे तोंड करून आहे का? प्रत्येक जागेला खांद्याचा पट्टा आहे का, आणि तो चालतो का? ड्रायव्हर सोडून किती पट्टे आहेत? जेवढे पट्टे, तेवढीच नावे त्या गाडीच्या यादीत लिहा, आणि यादीत लेकरांची नावे आधी लिहा.