चौसष्ट घरांचा सामाईक पट

पट बुद्धिबळाएवढाच, चौसष्ट घरांचा. पण यातले मोहरे कुणा एकाचे नाहीत. लाल, पिवळे, हिरवे, निळे खडे, मधूनमधून कवट्या, सोन्याची नाणी, जांभळे तारे, सगळा ढीग दोघांचा. शेजारशेजारच्या दोन खड्यांची अदलाबदल करायची. तीन सारखे एका रांगेत आले की ते नाहीसे होतात, वरचे खाली घसरतात आणि पाळी समोरच्याकडे जाते. ‘पझल क्वेस्ट : चॅलेंज ऑफ द वॉरलॉर्ड्‌स’ या २००७ सालच्या व्हिडिओ गेमची सगळी गंमत या पाळीत आहे.

तीन जुळवण्याचा खेळ तेव्हा नवा नव्हता. रशियातला ‘शारिकी’ १९९४चा. २००१मध्ये आलेल्या पॉपकॅपच्या ‘बिज्वेल्ड’ने तो घरोघरी नेला. पण ते एकट्याने वेळ घालवण्याचं साधन होतं. पुढे काय होणार याची उत्सुकता नाही, समोर कुणी शत्रू नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे स्टीव्ह फॉकनर वेगळ्या मुशीतले. राज्यं जिंकण्याची, सैन्यं हलवण्याची ‘वॉरलॉर्ड्‌स’ ही मालिका त्यांचीच. त्यांच्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्ह या कंपनीने खड्यांचा पट उचलला, ‘वॉरलॉर्ड्‌स’मधल्या एथेरिया या जगात नेला आणि लढाईच्या जागी मांडला.

कवट्या जुळवल्या की शत्रूवर थेट घाव बसतो. चार रंगांचे खडे मॅना देतात, म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती. नाण्यांतून पैसा मिळतो आणि ताऱ्यांतून अनुभव. एका रांगेत चार जुळले तर आणखी एक पाळी आपलीच. त्यामुळे प्रत्येक चालीपूर्वी दोन प्रश्न पडतात : मला काय मिळेल, आणि वरचे खडे घसरल्यावर त्याच्यासाठी काय उघडं पडेल? कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. आपली सोंगटी गेली नाही तरी चालेल, पण त्याची भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवू नये. इथेही कधी गरज नसलेले निळे खडे उचलावे लागतात, कारण समोरच्याचा मंत्र निळ्यावर चालतो. कवट्या सुटू नयेत म्हणून चांगली चाल सोडावी लागते. आणि एकही चाल उरली नाही, तर पट नव्याने भरतो आणि दोघांचाही साठवलेला मॅना जातो. मोठ्या मंत्रासाठी जमवून बसलेल्याच्या तोंडचा घास त्या क्षणी निघून जातो.

रोल-प्लेइंगची बाजू या पटाला वजन देते. ड्रुइड, नाइट, वॉरियर, विझर्ड यांपैकी एक होऊन सुरुवात करायची. पातळी वाढली की गुण कुठे घालायचे ते आपण ठरवायचं. आगीवर प्रभुत्व वाढवलं तर लाल खड्यांतून जास्त शक्ती मिळते, चातुर्य वाढवलं तर पहिली पाळी मिळण्याची शक्यता वाढते. एकाच प्राण्याला वारंवार हरवलं की त्याला पकडता येतं. त्यासाठी मात्र एक वेगळं कोडं सोडवावं लागतं : ठरावीक खडे, आणि शेवटी पटावर एकही उरता कामा नये. मला या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण इथे नशिबाला जागाच नाही.

कथा साधी आहे, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. लॉर्ड बेन नावाचा दुष्ट, त्याची मेलेल्यांची फौज, गावोगावची कामं. पण नकोशा लग्नासाठी निघालेल्या राजकन्या सेराफिनला पोचवायचं की तिला सोबत घ्यायचं, असा निर्णय समोर आला की हात थबकतो.

वरून कोणते खडे पडतील हे नशिबावर असतं. समोरच्या संगणकाच्या पाळीला कवट्यांमागून कवट्या कोसळत आणि तो लबाडी करतो, अशी खेळाडूंची सर्रास तक्रार असे. फॉकनर यांनी ती साफ नाकारली : येणारे खडे संगणकालाही दिसत नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आपल्या वाट्याला आलेला योगायोग आपण कसब म्हणून विसरतो, त्याच्या वाट्याचा लक्षात ठेवतो.

हा खेळ आधी आला तो निन्टेंडो डीएस आणि पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रांवर, आणि तीच त्याची खरी जागा. एक लढाई काही मिनिटांची. हरलात तरी त्या लढाईत मिळवलेला पैसा आणि अनुभव जात नाही. डीएसच्या खालच्या पडद्यावर लेखणीने खडा सरकवायचा, स्टेशन आलं की झाकण मिटायचं.

पुढे या वाटेने बरेच आले. २०१२मध्ये जपानच्या गंगहोने काढलेला ‘पझल अँड ड्रॅगन्स’ फोनवर प्रचंड चालला. तो फुकट मिळतो, पण चांगले साथीदार सोडतीतून निघतात आणि सोडतीसाठी पैसे घेतले जातात. ही पद्धत मला मान्य नाही. ‘पझल क्वेस्ट’ एकदा विकत घेतला की सगळा आपला होता. २०१९मध्ये तो निन्टेंडो स्विचवर ‘द लीजंड रिटर्न्स’ या नावाने पुन्हा आला. मिळाला तर जरूर खेळा, आणि प्रत्येक चालीपूर्वी समोरच्याचा मंत्र कोणत्या रंगावर चालतो ते आधी पाहा.