मुखऊतींतील प्रतिकारपेशींचा अभ्यास : प्रयोगशालेय पद्धती व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना :

मुखाचे श्लेष्मल अस्तर अन्न आणि जंतू यांच्या अखंड संपर्कात असते. हिरड्यांचा जुनाट दाह किंवा मुखाचा कर्करोग समजून घेण्यासाठी तेथील प्रतिकारपेशी कोणत्या, किती आणि नेमक्या कोठे आहेत, हे जाणणे आवश्यक ठरते. कोणतीही एक पद्धत या तिन्ही प्रश्नांची पुरेशी उत्तरे देत नाही.

ऊतिछेद पद्धती :

ऊतीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये स्थिर करून मेणात बसवितात व त्याचे सुमारे ४ मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. फॉर्मलिनमुळे प्रतिजने झाकली जातात. म्हणून छेद बहुधा सायट्रेटच्या द्रावणात तापवून ती पुन्हा उघडी करतात. त्यानंतर विशिष्ट प्रतिपिंडांच्या साहाय्याने टी-पेशी सीडी३ या, तर लँगरहान्स पेशी सीडी१ए या खुणेवरून ओळखल्या जातात. कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये विकसित केलेल्या एककृंतक प्रतिपिंडांच्या तंत्राने ही ओळख अधिक काटेकोर झाली.

येथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. या पद्धतीत सामान्यतः तपकिरी रंग उमटतो आणि अनेक भारतीयांच्या हिरड्यांत असणारे मेलॅनिनही तपकिरीच असते. मेलॅनिन निर्माण करणाऱ्या पेशी लँगरहान्स पेशींप्रमाणेच शाखायुक्त असल्याने त्यांची गणना चुकीने प्रतिकारपेशींत होऊ शकते. लाल रंग देणारे रसायन वापरणे आणि मुख्य प्रतिपिंड न लावलेला तुलनाछेद ठेवणे, हे त्यावरील उपाय होत.

पेशीनिलंबन पद्धती :

फ्लो सायटोमेट्रीसाठी ताजी ऊती बारीक चिरून कोलॅजिनेजसारख्या विकराने सुटी करतात, गाळतात व पेशींना प्रतिदीप्त प्रतिपिंड लावतात. हजारो पेशींवरील अनेक खुणा एकाच वेळी मोजता येतात. मात्र काही विकरे पृष्ठभागावरील खुणाही तोडतात. मृत पेशी प्रतिपिंडांना विनाकारण चिकटतात. हिरडीच्या नमुन्यात रक्त राहिल्यास रक्तातील पेशी ऊतीतील म्हणून मोजल्या जातात. म्हणून नमुना नीट धुणे आणि मृत पेशी दर्शविणारे रंजक वापरणे अगत्याचे असते. शिवाय ऊती विस्कटताच पेशींचे मूळ स्थान कायमचे हरवते.

समारोप :

छेद स्थान सांगतो. निलंबन प्रकार व प्रमाण सांगते. शक्य तेथे एकाच नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही पद्धती वापरणे श्रेयस्कर होय. नमुना एकदा फॉर्मलिनमध्ये गेला की त्यातून जिवंत पेशी मिळत नाहीत. त्यामुळे हा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवा.