आजीची वाकळ आणि माझा धावदोरा

गोधडी शिवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, असे गेल्या दिवाळीपर्यंत मला वाटत नव्हते. चार चिंध्या एकावर एक ठेवायच्या आणि धावदोरा घालीत सुटायचे, यात शिकायचे ते काय? हा गैरसमज पुढे माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी रक्त सांडून दूर केला.

निमित्त झाले बोहारणीचे. घाटकोपरच्या भटवाडीतील आमची चाळ पाडून तेथे इमारत उठायची आहे. तोवर भाड्याच्या खोलीत राहायचे, तेव्हा सामान कमी करावे म्हणून आईने पत्र्याची ट्रंक उघडली. आत आजीची सहा सुती लुगडी आणि आजोबांची दोन धोतरे निघाली. एका स्टीलच्या पातेल्यावर सौदा जवळजवळ ठरला होता. आजी काही बोलली नाही; उठली आणि ट्रंकेवर जाऊन बसली. मोतीबिंदूमुळे तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मी म्हणालो, "मी शिवतो." बोहारीण हसली, आईही हसली. वर्गात ही बातमी फुटली तेव्हा मित्रांनी मला 'टेलरमास्तर' ही पदवी विद्यापीठाच्या पदवीआधीच बहाल केली.

आजी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची. ती गोधडी म्हणत नाही, 'वाकळ' म्हणते. रजई आणि गोधडी यांतला फरकही तिनेच मला सांगितला. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापडच असते. म्हणून गोधडी बादलीत बुचकळून धुता येते, रजई येत नाही.

पहिला धडा कापडाचा. कापड जुनेच हवे, आणि सुतीच हवे. नव्या कापडात खळ असते, सुई अडते. टेरिकॉट तर हाताखालून घसरते आणि घामही शोषीत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार समान भाग केले की प्रत्येकी पावणेसात फुटांचा एकेक पदर मिळतो, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाची लांबी झाली. एका लुगड्यात चार थर! हे गणित आजी बोटांवर करते. मला कागद लागला.

आतल्या थरांत घरातले फाटके सदरे, परकर, उशांचे अभ्रे जातात. पण आधी त्यांची बटणे, कॉलर आणि जाड शिवणी उसवून काढाव्या लागतात. मी आळस करून एका सदऱ्याची शिवण तशीच ठेवली. तिथे सुई मोडली, आणि आजीने पूर्ण थर बाहेर काढायला लावला. तिला नीट दिसत नाही, पण तळहात फिरवून गाठ बरोबर सापडते.

मग जमिनीवर थर अंथरायचे. सुरकुती राहू द्यायची नाही. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आम्ही वरवंटा, तांदळाचा डबा आणि माझे राज्यशास्त्राचे दोन ग्रंथ वापरले. त्यानंतर लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. हे कंटाळवाणे काम टाळले तर पुढे मधोमध फुगा येतो. पक्की शिवण कडेने सुरू होते. चारी बाजूंनी एक फेरी, मग दोन बोटे आत दुसरी, असे चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जायचे. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून ओढायचा. लोभाने लांब घेतला की गुंता ठरलेला.

खरी परीक्षा टाक्याची. सुई सर्व थरांतून खाली उतरली की नाही हे गोधडीखालच्या डाव्या हाताच्या बोटाला कळते. कसे कळते, ते वर सांगितलेच आहे! पहिल्या दिवशी मी दोन फेऱ्या घातल्या. उलटून पाहतो तो खालच्या लुगड्यावर निम्मे टाके नाहीतच. आजी म्हणाली, "आरं, वरनं देखणी आन् खालनं उघडी, आसली वाकळ कोण पांघरंल? उसव." उसवले. दोरा फार ओढला तर कापड गोळा होते आणि सैल सोडला तर झोपेत पायाचा अंगठा टाक्यात अडकतो. बेताचा ताण हाताला कळायला मला तीन आठवडे लागले.

ग्रंथालयात शोधले तेव्हा ही कला केवळ आपली नाही हेही समजले. बंगालच्या जुन्या कांथ्यात शिवायचा दोरासुद्धा साडीच्या काठातून काढीत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्याही कडेकडून मध्याकडे जातात आणि कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची 'फुले' लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत त्या भिंतीवर चित्रांसारख्या लागल्या. मी त्यांचे फोटो आजीला अगदी डोळ्यांजवळ धरून दाखवले. "भितीला लावल्या? मग पांघरत्यात काय?" एवढेच तिने विचारले. आमच्या कलासमीक्षेच्या तासाला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

शिवता शिवता ती बोलू लागली. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पगार थांबला, तो पुन्हा कधी सुरू झालाच नाही. त्या वर्षी आजीने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाकळा मजुरीवर शिवल्या. दुपारी चाळीच्या गॅलरीत अंथरून बसायची आणि अंधार पडला की आत यायची. पैसे किती मिळत, हे तिने सांगितले नाही. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा तिने टाके तपासायला घेतले. ही हकीकत माझ्या वडिलांनाही धड ठाऊक नव्हती.

आता मध्याचा हातभर चौकोन शिवायचा राहिला आहे. पुढच्या महिन्यात आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. पट्टी निघाल्यावर ती पहिल्या आठवड्यातले माझे टाके पाहील, याची मला धास्ती आहे. त्या दोन फेऱ्या पुन्हा उसवाव्यात असे मनात होते. तिला विचारले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मध्यात तेवढा सरळ ये." दोरा मात्र संपला आहे, उद्या स्टेशनाकडे जाऊन दोन रिळे आणायची आहेत.