पाण्याच्या आकृतीचे रंग कोणी ठरवायचे?

छत्रपती संभाजीनगरला जायकवाडी धरणाचं पाणी चढून यावं लागतं. धरणाचा नाथसागर जलाशय पूर्ण भरला तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, आणि शहर त्याच्याही शंभरएक मीटर वर. पूर्वी मलिक अंबरनं शहरात पाणी आणायला बांधलेल्या नहरींना डोंगराचा उतार मिळाला होता. आजचं पाणी पंपानं वर येतं, जलकुंभात साठतं आणि तिथून गल्लोगल्ली उतरतं.

असं नळांचं जाळं संगणकावर मांडायला जगभर ‘एपानेट’ वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९३ मध्ये ते आणलं आणि ते मोफत मिळतं. त्याची फाइल उघडली की साधा मजकूर दिसतो: नळाची लांबी, व्यास, आतला खडबडीतपणा; प्रत्येक जोडाची उंची आणि तिथली पाण्याची मागणी. जोड पडद्यावर कुठे दिसावा, याचे आकडे मात्र वेगळ्या भागात असतात. ते बदलून जोड दुसऱ्या कोपऱ्यात नेला, तरी नळाची नोंदलेली लांबी तीच राहिली तर पाण्याचा दाब तसूभरही बदलत नाही. गणित वेगळं, चित्र वेगळं.

म्हणूनच चित्र हवं तसं बदलता येतं, आणि ते बदलायलाच हवं. दाबाच्या रंगांसाठी एपानेटमध्ये मुळात २५, ५०, ७५ आणि १०० या सीमा दिलेल्या असतात; सर्वांत कमी दाबाला निळा रंग, सर्वांत जास्त दाबाला लाल. आपल्याकडच्या १९९९ च्या नियमावलीत एकमजली घरासाठी किमान ७ मीटर (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाइतका) दाब धरला होता, दुमजलीसाठी १२, तीनमजलीसाठी १७. म्हणजे ३ मीटर दाबावर तडफडणारी वस्ती आणि १८ मीटरवर सुखात असलेली वस्ती, दोन्ही सारख्याच निळ्या! पाणी न पोचणारं टोक पडद्यावर असूनही दिसत नाही. रंगसूचीवर उजवी क्लिक करून सीमा ७, १२, १७ केल्या, रंगांचा क्रम उलटा केला, की तीच वस्ती लाल होते. मॉडेलमधला एकही आकडा बदललेला नसतो. माझ्या मते या सीमा ठरवणं हा अभियांत्रिकी निर्णय आहे. सजावट समजून तो सोडून देऊ नये.

रेषेच्या जाडीचंही तसंच. शहराच्या जुन्या योजनेतली ७०० मिलिमीटरची जलवाहिनी आणि नव्या योजनेतली २५०० मिलिमीटरची, दोन्ही एकाच रेषेनं काढल्या तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. व्यासानुसार रेष जाड केली की मुख्य वाहिनी लगेच डोळ्यांत भरते, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही टिकते. रंग तिथं मरतात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांनाही जाडीचाच आधार. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनला तर दाबाचे रंग नकोतच. त्याला व्हॉल्व्हचे क्रमांक मोठ्या अक्षरांत हवेत, बाकी खुणा झाकलेल्या चालतील.

एक गोष्ट मात्र रंगांनी सुटत नाही. नेहमीच्या पद्धतीत हे सॉफ्टवेअर प्रत्येक जोडाला मागितलेलं पाणी मिळालंच, असं धरून दाब काढतं. मग कधी उत्तर शून्याखाली जातं. २०२० च्या २.२ आवृत्तीत दाब कमी पडला तर पाणीही कमी धरायची सोय आली. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरानं ती निवडावी, आणि मग आकृतीत दाबाऐवजी मागणीपेक्षा किती पाणी कमी पडलं ते रंगवावं.