शरदातील रोपखरेदी: भिलाई परिसरातील बागायतदारांसाठी काही निकष

नैऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छत्तीसगडमधून माघार घेतो. त्याच सुमारास दुर्ग-भिलाई परिसरातील रोपवाटिका, बियाणे विक्री केंद्रे व आठवडी बाजार यांत गर्दी वाढते. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याबरोबर भिलाईत नियोजनबद्ध वसाहत वसली आणि तिच्या अंगणांत बागकामाची परंपरा रुजली. हिवाळ्यात मैत्रीबागेत भरणारे पुष्पप्रदर्शन हे तिचेच फलित होय. या बागांसाठी लागणारी रोपे, बियाणे व खते ज्या बाजारातून येतात, त्याच बाजारातून परिसरातील शेतकरीही फळझाडांची कलमे व भाजीपाल्याची रोपे घेतात. त्यामुळे खरेदीतील चूक एका कुंडीपुरती मर्यादित राहात नाही. रोगट मुळांचे एक रोप संपूर्ण शेताची जमीन अनेक वर्षांसाठी बाधित करू शकते.

खरेदीचा काळ

भिलाई व नागपूर ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे 21 अंश उत्तरेस आहेत. त्यामुळे पूर्व विदर्भातील हंगामाचे गणित येथेही बहुतांशी लागू पडते. सप्टेंबरमध्ये हवेत आर्द्रता अधिक असते. या काळात पिटुनिया, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर यांची कोवळी रोपे मर रोगाने कोलमडतात. म्हणून हंगामी फुलांचे बियाणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात घ्यावे व आच्छादनाखाली ट्रेमध्ये पेरावे. तयार रोपे घ्यावयाची असल्यास ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे. ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावता येतात. फळझाडांची कलमे मात्र जमिनीत ओल असतानाच लावणे हितावह ठरते. पाऊस संपल्यावर लावलेल्या कलमांस पहिल्या उन्हाळ्यापर्यंत नियमित पाण्याची सोय असणे अनिवार्य आहे.

जमिनीनुसार सामग्री

छत्तीसगडमधील शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात: भाटा, मटासी, डोरसा व कन्हार. भाटा ही उथळ, मुरमाड व पाणी न धरणारी जमीन होय. तीत भरपूर कुजलेले सेंद्रिय खत मिसळल्याखेरीज अन्य खर्चाला अर्थ नाही. कन्हार ही भारी काळी जमीन विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तिचा निचरा मंद असल्याने तेथे खतापेक्षा उंच गादीवाफ्यांची गरज अधिक असते. मटासी व डोरसा या दोहोंच्या मधल्या होत.

भूसुधारक घेण्यापूर्वी माती परीक्षण करून सामू जाणून घ्यावा. पोलादनिर्मितीतील स्लॅगमध्ये चुन्याचा अंश असल्याने आम्ल जमिनी सुधारण्यासाठी तो अनेक देशांत वापरला जातो. तथापि कन्हारसारख्या उदासीन ते विम्ल जमिनीत चुनायुक्त पदार्थ टाकल्यास पिकास लोह मिळेनासे होते व पाने पिवळी पडतात.

बियाण्याचे वेष्टन व खूणचिठ्ठी

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी, तर सत्यप्रत बियाण्यास हिरवट खूणचिठ्ठी असते. तिच्यावरील वाण, उगवणशक्ती, चाचणीचा दिनांक व वैधतेचा दिनांक हे चार तपशील वाचल्याविना खरेदी करू नये. उगवणशक्तीचे किमान प्रमाण टोमॅटोसाठी 70 टक्के, फुलकोबीसाठी 65 टक्के, तर मिरची व पालक यांसाठी 60 टक्के आहे. पावसाळाभर दुकानात राहिलेल्या बियाण्यात ओलावा शिरून उगवण घटते. म्हणून पेरणीपूर्वी 100 बिया ओल्या कापडात गुंडाळून उगवलेल्या बिया मोजाव्यात. ही चाचणी खर्चाची नाही. तीमुळे हंगाम वाया जाण्याचा धोका मात्र टळतो.

रोपाची परीक्षा मुळापासून

बहुतेक ग्राहक रोपाची पाने व फुले पाहतात. खरी परीक्षा पिशवीच्या आत असते. शक्य असेल तेथे एका रोपाची पिशवी उघडून मुळे पाहावीत. मुळांवर गाठी आढळल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव संभवतो. शेंगवर्गीय रोपांवरील उपयुक्त जिवाणूंच्या गाठी बोटाने सहज निघतात. सूत्रकृमींची गाठ ही मुळाचीच सूज असल्याने वेगळी होत नाही. देशाच्या अनेक भागांत पेरूच्या बागांवर आलेले मूळगाठी सूत्रकृमींचे संकट बाधित रोपांच्या वाहतुकीतूनच पसरले. एकदा जमिनीत शिरलेल्या सूत्रकृमींचे समूळ उच्चाटन व्यवहारतः अशक्य असते.

पानांची खालची बाजूही तपासावी. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये, तर नारळावरील सर्पिलाकार पांढरी माशी 2016 मध्ये भारतात प्रथम आढळली. अशा किडी रोपांबरोबर दूरवर जातात. म्हणून कडियम वा कोलकाता परिसरातून आलेली रोपे असोत की शेजारच्या रोपवाटिकेतील, नवी रोपे दोन ते तीन आठवडे बागेपासून दूर ठेवून निरीक्षण करावे.

कलमाचा सांधा घट्ट जुळलेला व गुंडाळीचा फास काढलेला असावा. सांध्याखालून निघालेली फूट ही खुंटाची असते. तीच जोमदार दिसत असल्यास ते कलम घेऊ नये. आंब्याच्या कलमाची जात चुकीची निघाल्यास ते फळधारणेनंतरच, म्हणजे काही वर्षांनी कळते. म्हणून राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाची मान्यता असलेल्या वा शासकीय रोपवाटिकेस प्राधान्य द्यावे आणि जातीचे नाव लिहिलेली पावती जपून ठेवावी.

खते, कुंड्या व औषधे

खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के, नत्र किमान 1 टक्का व ओलावा 15 ते 25 टक्के अपेक्षित आहे. चांगले गांडूळखत गडद तपकिरी, भुसभुशीत व दुर्गंधरहित असते. मुठीत दाबल्यावर पाणी सुटत असल्यास ग्राहक खताऐवजी पाण्याचे मूल्य देत आहे, असे समजावे.

आवश्यक प्रमाण आधीच काढल्यास अनाठायी खर्च टळतो. सुमारे 14 लिटर क्षमतेच्या 20 कुंड्यांस 280 लिटर मिश्रण लागते. माती दोन भाग, खत एक भाग व वाळू एक भाग धरल्यास खत 70 लिटर, म्हणजे साधारण 50 ते 60 किलो पुरते. कुंडीच्या तळाशी छिद्र असल्याची खात्री करावी. कीडनाशके मूळ वेष्टनातच घ्यावीत. त्यावरील रंगीत त्रिकोण विषारीपणाची पातळी दर्शवितो. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, तर हिरवा सर्वांत कमी. सुटी, बाटलीत भरून दिलेली औषधे कदापि घेऊ नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ऑक्टोबरपूर्वी गावपातळीवर एक प्रात्यक्षिक घ्यावे. त्यात निरोगी व गाठींनी बाधित अशी दोन मुळे शेजारी ठेवून दाखवावीत, तसेच 100 बियांची उगवण चाचणी शेतकऱ्यांच्या हातून करून घ्यावी. स्वस्त रोपाची किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही, ती पुढील हंगामात जमीन वसूल करते. ही बाब एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पिशवी उघडून मुळे पाहिल्याविना रोप घेत नाही.