फवारणी पंप व लॅपटॉप यांच्या बॅटऱ्यांची निगा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांत गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणाऱ्या साधनांची संख्या पुष्कळच वाढली आहे. पाठीवरच्या हातपंपाची जागा बहुतेक ठिकाणी बॅटरीच्या फवारणी पंपाने घेतली आहे. घरातील मुलांच्या अभ्यासासाठी, शेतकरी उत्पादक कंपनीच्या हिशेबासाठी अथवा महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरण्यासाठी लॅपटॉपही वापरात आला आहे. परंतु ज्या काळजीने बैल, नांगर व बियाणे सांभाळले जाते, ती काळजी ह्या बॅटऱ्यांच्या वाट्यास येत नाही. जून-जुलैत कपाशीवर मावा व तुडतुडे दिसू लागले म्हणजे पंप खाली काढला जातो आणि टाकीभर औषध कालवून झाल्यावर पंप अर्ध्या तासातच बंद पडतो. कालवलेले औषध वाया जाते, मजुराचा दिवस बुडतो व फवारणीची योग्य वेळ टळते. ह्यात दोष बहुधा पंपाचा नसतो. बॅटरी उन्हाळ्यात कशी ठेवली गेली, ह्यात तो असतो.

बॅटरीचे आयुष्य वाढविणे ही फार खर्चाची बाब नाही. मात्र बॅटरीच्या दोन मुख्य जाती आहेत आणि एका जातीस जे मानवते ते दुसरीस अपाय करते, ही गोष्ट प्रथम नीट समजून घेतली पाहिजे.

बॅटरीच्या दोन जाती

पहिली जात शिसे व आम्ल यांच्या बॅटरीची, म्हणजेच लेड अ‍ॅसिड बॅटरीची होय. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते याने ती सन १८५९ मध्ये प्रथम तयार केली. ट्रॅक्टर, मोटारसायकल व घरातील इन्व्हर्टर यांत बहुतांशी हीच असते. स्वस्त फवारणी पंपांतही हीच बंद स्वरूपात बसविलेली असते. हिच्यात शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात ठेवलेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचा थर बसतो. चार्जिंग केले म्हणजे तो पुन्हा विरघळतो. बॅटरी रिकामी किंवा अर्धवट भरलेली राहिली, तर ह्या थराचे कठीण खडे बनतात व ते नंतर कितीही चार्जिंग केले तरी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

दुसरी जात लिथियम बॅटरीची होय. ती सन १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. मोबाइल व लॅपटॉप यांत हीच असते आणि आता चांगल्या फवारणी पंपांतही ती बसविली जाते. ह्या बॅटरीच्या शोधकार्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्या तिघा शास्त्रज्ञांना सन २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हिच्यात लिथियमचे विद्युत्‌भारित कण एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जातात व चार्जिंगच्या वेळी परत येतात. हिच्यात शिशाच्या सल्फेटाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असताना आतील रसायनांवर ताण असतो. त्यात उष्णतेची भर पडली की ती रसायने हळूहळू बिघडतात आणि बॅटरीची साठवणशक्ती कमी होते.

सारांश, शिशाच्या बॅटरीला रिकामे राहणे सोसत नाही. लिथियमच्या बॅटरीला तुडुंब भरून उष्णतेत पडून राहणे सोसत नाही. पुढील सर्व सूचना ह्या एकाच भेदावर आधारलेल्या आहेत.

आपली बॅटरी कोणत्या जातीची, हे तिच्यावरील पट्टीवरून कळते. पट्टी फाटली असल्यास वजनावरून अंदाज करता येतो. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे अडीच किलो भरते. तेवढ्याच शक्तीची लिथियमची बॅटरी एक किलोच्या आत असते.

खरी कसोटी उन्हाळ्यात

ह्या जिल्ह्यात कपाशीच्या फवारण्या जुलैपासून दिवाळीपर्यंत चालतात. त्यानंतर तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी व हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी पंप लागतो. मोसंबी, डाळिंब किंवा आले करणाऱ्या शेतकऱ्यांकडे तो वर्षभर चालतो. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याचा पंप साधारणतः फेब्रुवारीपासून मृगापर्यंत पडून असतो. हेच चार महिने मराठवाड्यातील कडक उन्हाचे होत. एप्रिल व मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याहूनही अधिक असते. पंप नेमका तेथेच, खुंटीला अडकविलेला असतो.

बॅटरी वापरली नाही तरी ती आतल्या आत थोडी थोडी रिकामी होत असते. दावणीला बसून असलेला बैलही वैरण खातोच, तसेच हे आहे. शिशाची बॅटरी २५ अंश तापमानात महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के रिकामी होते व तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पत्र्याखाली चार महिने पडलेली बॅटरी तिच्या शक्तीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग सहज गमावते. ती फेब्रुवारीत अर्धवट अवस्थेत ठेवली असेल, तर जूनमध्ये जवळजवळ कोरडी झालेली आढळते आणि तोपर्यंत पट्ट्यांवर कठीण थर बसलेला असतो.

लिथियमच्या बॅटरीचे गणित निराळे आहे. ती आपोआप फारशी रिकामी होत नाही. मात्र तिची साठवणशक्तीच घटते. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर ठेवली असता तिची सुमारे ३५ टक्के शक्ती कायमची जाते. ४० टक्के भरून ठेवली असता सुमारे १५ टक्के जाते. तीच बॅटरी २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवल्यास घट अवघी ४ टक्क्यांच्या आसपास राहते. बॅटरीच्या बनावटीप्रमाणे ह्या आकड्यांत थोडाफार फरक पडतो. परंतु थंड जागा व अर्धा भरणा ह्या दोन गोष्टींचा परिणाम किती मोठा आहे, हे त्यांवरून ध्यानात येईल.

फवारणी पंपाच्या बॅटरीची काळजी

हंगामात दररोज काम संपल्यावर पंप स्वच्छ पाण्याने धुवावा. मात्र बॅटरीच्या कप्प्यात व चार्जिंगच्या छिद्रात पाणी अथवा औषध जाऊ देऊ नये. औषधाच्या ओलाव्याने तेथील तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो व बॅटरी चांगली असूनही पंप अडखळू लागतो.

शिशाची बॅटरी असल्यास त्याच सायंकाळी ती चार्जिंगला लावावी. “अजून एक दिवस चालेल” म्हणून ती अर्धवट ठेवू नये. ८ अँपिअर-तासांच्या रिकाम्या बॅटरीस १ अँपिअरच्या चार्जरने ९ ते १० तास लागतात, हा हिशेब धरून वेळ द्यावा. पंपाचा दाब कमी पडू लागताच काम थांबवावे. अगदी थेंब पडेपर्यंत पंप रेटू नये.

लिथियमची बॅटरी असल्यास रोज पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहू नये. बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात त्यास काही आधार होता. आजच्या लिथियम बॅटरीस तो लागू पडत नाही, उलट अपायकारक ठरतो. उन्हातून आणलेली बॅटरी हातास गरम लागत असेल, तर ती सावलीत थंड होऊ द्यावी व मगच चार्जर जोडावा.

चार्जर ज्या बॅटरीबरोबर आला असेल, त्याच बॅटरीस वापरावा. पिन बसते म्हणजे चार्जर चालतो, असे समजू नये. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. तीन घटांच्या लिथियम-आयन बॅटरीची कमाल मर्यादा मात्र १२.६ व्होल्ट आहे. बॅटरीतील संरक्षक मंडल असा अतिभार बहुधा रोखते; परंतु ते बिघडलेले असल्यास बॅटरी तापून पेट घेऊ शकते. त्याचप्रमाणे शेतातील विहिरीवरच्या खोलीत, शेतीपंपाच्या वाहिनीवर रात्रीची वीज येईल तेव्हा चार्ज होईल म्हणून चार्जर लावून निघून येणे धोक्याचे आहे. चार्जिंग शक्य तो घरी, माणसे जागी असताना आणि कडबा, कापूस, गोधड्या यांपासून दूर, फरशीवर करावे.

हंगाम संपल्यावर पंप ठेवताना पुढीलप्रमाणे दक्षता घ्यावी. शिशाची बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी व दर महिन्यास पुन्हा पूर्ण भरावी. लिथियमची बॅटरी सुमारे अर्धी भरून त्याच खोलीत ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी तपासावी. मातीच्या भिंतीची जुनी खोली ह्या कामी पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी सरस होय. खत व औषधे यांच्याजवळ बॅटरी ठेवू नये.

गावातील वीजकाम करणाऱ्याकडील मीटरने शिशाच्या बॅटरीची परीक्षा करता येते. चार्जर काढून काही तास गेल्यावर १२.७ किंवा अधिक व्होल्ट भरल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी, १२.४ च्या खाली असल्यास भरण्याची वेळ झाली आहे आणि १२ च्या आसपास असल्यास ती जवळजवळ रिकामी आहे. ही परीक्षा मे अखेरीस केल्यास बॅटरी बदलावयाची की नाही, हे पेरणीपूर्वीच कळते.

लॅपटॉपच्या बॅटरीची काळजी

लॅपटॉपची बॅटरी लिथियमची असल्यामुळे वरील बहुतेक नियम तिलाही लागू आहेत. तिचे आयुष्य आवर्तनांत मोजतात. पूर्ण शक्ती एकदा वापरली म्हणजे एक आवर्तन झाले. अर्धी शक्ती दोनदा वापरली तरी एकच आवर्तन धरतात. सामान्यतः ३०० ते ५०० आवर्तनांनंतर बॅटरीची शक्ती मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते; काही बॅटऱ्या ह्याहून अधिकही टिकतात.

लॅपटॉप सतत चार्जरला जोडून ठेवल्याने बॅटरी जरुरीपेक्षा जास्त भरते, ही भीती निराधार आहे. पूर्ण भरताच आतील मंडल भरणा थांबविते. परंतु ती सदोदित १०० टक्क्यांवर व यंत्राच्या उष्णतेत राहते, हे खरे नुकसान होय. म्हणून ज्यांचा लॅपटॉप टेबलावरच चालतो, त्यांनी यंत्रात सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. इतरांनी २० ते ८० टक्के यांच्या दरम्यान बॅटरी राखावी. प्रवासाच्या दिवशी ती पूर्ण भरण्यास हरकत नाही.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालविल्यास तळाची हवेची छिद्रे बंद होतात व बॅटरी तापते. तो लाकडी पाटावर अथवा टेबलावर ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नये. सुट्टीत वापर नसेल तर सुमारे अर्धा भरून, पूर्ण बंद करून कपाटात ठेवावा. पडद्यावरील टक्केवारी चुकीची दिसू लागल्यास दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी पूर्ण भरून व नंतर बरीच उतरवून पुन्हा पूर्ण भरावी. त्यायोगे मोजणी सुधारते. बॅटरीची गेलेली शक्ती मात्र परत येत नाही.

धोक्याची लक्षणे व जुन्या बॅटरीची विल्हेवाट

लिथियमची बॅटरी फुगली, लॅपटॉपचे झाकण वर उचलले गेले अथवा उग्र वास येऊ लागला, तर तिचा वापर व चार्जिंग ताबडतोब बंद करावे. फुगवटा हा आत जमलेल्या वायूचा असतो. तो दाबून किंवा टोचून घालविण्याचा प्रयत्न केल्यास बॅटरी पेट घेते. अशी बॅटरी जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्यावी.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत केवळ शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी अथवा आम्ल घालू नये. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी ओढू नये व काडी ओढून आत डोकावू नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत राहून त्वरित दवाखान्यात न्यावे.

निकामी बॅटरी उकिरड्यावर, ओढ्यात अथवा विस्तवात टाकू नये. शिशाचे विष माती व पाणी यांत उतरते आणि त्याचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांवर होतो. केंद्र शासनाने सन २०२२ मध्ये केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे परत करावी. शिशाच्या बॅटरीस मोडीची किंमतही मिळते. तेवढी रक्कम नव्या बॅटरीच्या किमतीतून कमी करून घ्यावी.

शेवटी, एवढे पथ्य प्रत्येक घराने अवश्य पाळावे. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की त्याच आठवड्यात पंपाची बॅटरी काढून, शिशाची असल्यास पूर्ण व लिथियमची असल्यास अर्धी भरून, पत्र्याखालून घरात आणावी. शिशाच्या बॅटरीस दर अमावास्येला भरण्याचा नेम ठेवल्यास विसर पडत नाही. असे केल्यास मृगाच्या पावसानंतर पहिल्याच फवारणीस पंप पूर्ण शक्तीने चालेल आणि नव्या बॅटरीचा खर्च बियाणे व खत यांच्या ऐन तोंडावर शेतकऱ्यास सोसावा लागणार नाही.