वहीतला नफा आणि हातातली रोकड

महाराष्ट्रातील उद्योजकतेविषयी गेली शंभर-सव्वाशे वर्षे जी चर्चा चालू आहे, तीत मराठी माणसाला भांडवल मिळत नाही आणि धाडस करवत नाही ही दोन कारणे इतक्या वेळा सांगितली गेली आहेत की, तिसऱ्या आणि माझ्या मते अधिक मूलगामी अशा कारणाकडे, म्हणजे पैशाच्या गतीचे ज्ञान आपण कारखानदाराच्या शिक्षणाचा भाग मानलेच नाही या वस्तुस्थितीकडे, पुरेसे लक्ष गेलेले नाही. हिशेब आपणांस परका होता असे मुळीच नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल चाळावेत, म्हणजे जमाखर्च, तेरजा, ताळेबंद आणि सालाच्या आरंभीच बांधलेले अजमास यांची शिस्त किती काटेकोर होती ते दिसते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरविली. तथापि ही विद्या दरबारच्या कारकुनाची आणि पुढे पदवीधर विद्वानांची राहिली. लेथवर उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती ती क्वचितच आली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९०३ च्या सुमारास त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या शेतकऱ्यांच्या समजुतीपायी पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, ही हकीकत आपण चिकाटीची कथा म्हणून सांगत आलो. परंतु दोन वर्षे न खपलेला माल म्हणजे दोन वर्षे गुंतून पडलेले लोखंड, कोळसा आणि मजुरी होय, आणि हा भार ज्याच्यापाशी सायकलींच्या व्यापाराची व कडबा कापण्याच्या यंत्रांची जोड होती त्यालाच सोसण्याजोगा होता, हे सांगावयाचे आपण विसरतो. पुढे १९१० मध्ये बेळगावची जागा सोडणे प्राप्त झाले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन तर दिलीच, शिवाय दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. घाई न करणारे असे भांडवल आज कोणत्या बँकेत मिळेल?

आजची स्थिती जवळून पाहण्यासाठी भोसरीच्या एखाद्या लहान शेडमध्ये सुटे भाग तयार करणाऱ्या कारखानदाराचा एकच व्यवहार घेऊ. दहा लाखांची ऑर्डर मिळाली. कच्चा माल सहा लाखांचा, मजुरी, वीज व इतर खर्च अडीच लाखांचा, म्हणजे वहीत दीड लाख नफा. कच्च्या मालावर १८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ८ हजार रुपये जीएसटी त्याने रोख भरलेला असतो. आपल्या बिलावरील १ लाख ८० हजारांतून तो वजा जाऊन उरलेले ७२ हजार सरकारला पुढल्याच महिन्यात द्यावे लागतात, गिऱ्हाइकाचे पैसे येवोत अथवा न येवोत. एकंदर १० लाख ३० हजार रुपये खिशातून गेले आणि बिलाची वसुली नव्वद दिवसांनी. ही रक्कम १२ टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटमधून उचललेली असेल, तर तीन महिन्यांचे व्याज सुमारे ३१ हजार, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा, बँकेच्या पदरी पडतो. अशा तीन ऑर्डरी एकदम घेणारा मनुष्य लोकांना भरभराटीत दिसतो. वस्तुतः त्याचे एकतीस लाख परक्याच्या दफ्तरात अडकलेले असतात, आणि शनिवारी पगार कसा करावा या विवंचनेत तो असतो. नफ्यातले कारखाने बुडतात ते असे.

याच्या जोडीला भाव ठरविण्यातील चूक असते. स्वतःचा पगार, स्वतःच्या जागेचे भाडे आणि यंत्राचा घसारा हे तिन्ही खर्च खर्चच नव्हेत अशा समजुतीने जो भाव देतो, तो आपले श्रम आणि वडिलोपार्जित जागा गिऱ्हाइकास फुकट वाटत असतो. घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालण्याची सवय याच समजुतीची धाकटी बहीण आहे.

गिरगावात १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ज्या पापडांच्या व्यवसायाचा आरंभ केला आणि जो पुढे लिज्जत या नावाने देशभर पोचला, त्याच्या आरंभकाळी ते पैसे उसने देणारे समाजसेवक छगनलाल पारेख यांनी हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला होता, ही गोष्ट मला भांडवलाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. वही लिहिता येणे ही पहिली पायरी. पुढील तेरा आठवड्यांचे येणे-देणे एका कागदावर मांडून कोणत्या आठवड्यात हात रिकामा होणार हे आधीच ओळखणे ही दुसरी, आणि ती मालकाने स्वतःच चढावयाची असते, मुनिमाने किंवा सनदी लेखापालाने नव्हे. ऑर्डर घेताना आगाऊ रक्कम मागण्याचे धैर्य त्या कागदातूनच येते.

वसुलीच्या बाबतीत कायदा लहान उद्योजकाच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असल्यास ४५ दिवसांच्या, नसल्यास १५ दिवसांच्या आत चुकते करणे बंधनकारक असून, मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातही आता अशी तरतूद झाली आहे की, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय माल घेणाऱ्यास खर्चात धरता येत नाही. तरीही हे व्याज मागणारा पुरवठादार विरळाच, कारण त्याचे गिऱ्हाईक बहुधा एकच असते आणि ते तुटले तर शेडला कुलूप लागते. म्हणून दुसरे आणि तिसरे गिऱ्हाईक मिळविणे हा विक्रीचा प्रश्न आहे तितकाच वसुलीचाही आहे.